गवत कोंबलेल्या घंटा

आमच्या गावात शांतता आणली ती माझ्या दाजींनी. त्याआधी सांक्ट आल्बानमध्ये काय गोंगाट होता, विचारू नका. गाई हंबरायच्या, नदी वाहायची, रविवारी चर्चची घंटा वाजायची. मग कास्सियान दाजी सरपंच झाले आणि शहरातून आलेल्या एका सल्लागारानं त्यांच्या डोक्यात भरवलं की शांतता विकता येते. तेव्हापासून ते गावात शांतता शोधत फिरतात, आणि जिथे सापडत नाही तिथे ती करवून घेतात.

द्राव नदीच्या काठानं आमची गुरांची वाट होती. तिच्यावर डांबर पडलं. मोटार नाही, ट्रॅक्टर नाही, भोंगा नाही, फक्त सायकल. माणसं इटलीच्या बाजूनं येतात, वरच्या गावात भाड्यानं लाल सायकल घेतात, उताराउतारानं खाली लिएंझ शहरापर्यंत जातात, तिथे सॉसेज खातात आणि सायकल डब्यात टाकून आगगाडीनं परत वर जातात. चढ म्हणून कोणी चढत नाही. आमच्या गावापाशी आले की 'किती शांत आहे नाही' म्हणतात आणि न थांबता पुढे जातात. गोटलीबची खानावळ अगदी वाटेवर आहे. तो बिचारा दारात उभा राहून त्यांच्या पाठी बघत असतो. दाजी म्हणतात, याला विकास म्हणतात.

मी बुर्गल. उन्हाळाभर वरच्या कुरणावर गावच्या गाई राखते. ऑटिली ताई माझी थोरली बहीण आणि दाजी तिचा नवरा. आमच्या वडिलांचं घर, गोठा आणि नदीकाठची जमीन ताईच्या नावावर आहे. दाजी घरजावई. हे मी खोचकपणे सांगत नाही. बरं, थोडं खोचकपणे सांगते. पण मुद्दा असा की डांबराचा भलामोठा तुकडा त्याच जमिनीवरनं जातो आणि ताईनं तो नवऱ्याच्या शब्दावर दिला. सही करताना तिनं एवढंच विचारलं होतं, "गाईंना जायला मिळेल ना?" दाजी म्हणाले होते, "म्हणजे काय."

म्हणजे काय ते पहिल्याच वर्षी कळलं. सप्टेंबरात मी गाई घेऊन खाली उतरले तर वाटेच्या तोंडाशी पाटी लागलेली. सायकलीचं चित्र, आणि बाकी सगळ्यांना बंदी. मला महामार्गानं यावं लागलं. ट्रक, मोटारी, भोंगे, आणि मधून माझ्या गाई, डोक्यावर मुकुट घालून. चीड झाडाच्या फांद्या, कागदी फुलं, मध्ये छोटा आरसा. तो मुकुट करताना बायकांचे हात आठवडाभर सोलवटतात. माझी आल्मा एका भोंग्याला बिचकली आणि ट्रकखाली गेली.

गाय गेली की मुकुट उतरवायचे, हे आमच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उन्हाळा सुखरूप गेला तरच मुकुट. मी महामार्गाच्या कडेला उभी राहून एकेका गाईच्या डोक्यावरचा मुकुट काढला. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवत होते. घंटा मात्र राहू दिल्या. जनावर गेलं तर डोकं उघडं, पण घंटा वाजतात. माणूस गेलं तर घंटांतही गवत कोंबतात, आणि ज्याच्या घरचं माणूस त्याची गाय पुढे चालते. अशी गुरं दिसली की रस्त्यावरच्या माणसानं टोपी काढायची, मान खाली घालायची आणि गुराख्याला काही विचारायचं नाही. विचारायचं काही उरलेलंच नसतं.

आल्मानंतर गाववाल्यांनी मला स्वच्छ सांगितलं. महामार्गानं गाई पाठवायच्या नाहीत. ट्रकनं आणायच्या तर भाडं कोण देणार? येत्या उन्हाळ्यात उतरायला वाट मिळाली तर बरं, नाहीतर त्यानंतर कुरणावर गाई चढणार नाहीत. म्हणजे वरचं माझं खोपटं बंद. मी लग्न केलं नाही, शहरात गेले नाही, वर्षातले ते उन्हाळ्याचे महिने हाच माझा संसार. मला ती वाट हवी होती. त्यासाठी मी दाजींपुढे नाक घासायलाही तयार होते, आणि मला ओळखणाऱ्यांना ते किती झालं ते कळेल.

पुढच्या उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, दाजी वर कुरणावर आले. बॅटरीच्या सायकलवर निघाले होते. शेवटच्या चढाला बॅटरी संपली, तेव्हा सायकल ढकलत, घामाघूम होऊन आले. मी ताक दिलं. कुरणावरच्या कामातला माझा जोडीदार, वाइट, चुलीपाशी चीज ढवळत होता. वाइट हा माणूस चांगला आहे, पण उन्हाळाभरात त्याचं बोलणं म्हणजे 'हं' आणि 'दूध उतू चाललंय'.

"तुझं काम केलंय," दाजी म्हणाले. "या वर्षी गाई सायकलमार्गानं येतील. मी सगळ्यांशी भांडून परवानगी काढली."

"सगळ्यांशी म्हणजे कुणाशी? सरपंच तुम्हीच."

"समिती आहे."

"समितीचे अध्यक्षही तुम्हीच."

"बुर्गल, ऐकायचंय का जाऊ?"

मी त्यांना आणखी ताक ओतलं. वाट हवी होती ना.

"फक्त काही साध्या गोष्टी पाळायच्या. घंटा नकोत. लोक तिथे शांततेसाठी येतात."

"दाजी, गळ्यात घंटेचा पट्टा नसला तर ब्लेस पाऊल उचलत नाही. तिला वाटतं अजून उन्हाळा संपायचाय." ब्लेस म्हणजे ताईच्या गोठ्यातली गाय. कळपाच्या पुढे तीच असते. दुसऱ्या कुणाच्या मागे चालणं तिला कमीपणाचं वाटतं. या बाबतीत तिचं नि दाजींचं छान जमतं.

"मग पट्टा राहू दे. आवाज नको. आत काहीतरी कोंब."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "गवत कोंबू?"

"गवत कोंब, चिंध्या कोंब, मला काय त्याचं."

चुलीपाशी वाइटचा हात थांबला. चीज ढवळताना त्याचा हात थांबलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"आणि मुकुटही नकोत," दाजी म्हणाले. "सल्लागारसाहेबांनी मापं घेतली. मुकुट घातला की गाय वाटेच्या आपल्या बाजूत मावत नाही. कुणाच्या डोळ्यात फांदी गेली तर विमेवाले माझ्या मानगुटीवर बसतील."

"दाजी, तुमचा जन्म याच खोऱ्यातला ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मुकुट नाही, घंटेत गवत, आणि पुढे तुमच्या घरची गाय. लोक काय समजतील?"

"लोक आता सुधारलेत. आणि मी ॲपवर टाकणार आहे ना. सायकलमार्गाचं ॲप आहे, सूचना सगळ्यांना एका क्षणात जाते."

"गावाच्या टोकाच्या त्या रोमेदच्या घरात अजून टेलिफोनही भिंतीवरचा आहे."

"मग त्यानं शिकून घ्यावं." दाजींनी ताक संपवलं. "एका रांगेत चालवायच्या. तू मागून फावडं घेऊन ये, डांबरावर शेण दिसता कामा नये. आणि नीट ऐक, एक जरी तक्रार आली ना, तर पुढच्या वर्षीपासून ट्रक. मग मला काही सांगू नकोस."

"ताईला सांगाल एवढं?"

"सगळ्यांना कळेल म्हटलं ना."

उतार होता, त्यामुळे जाताना त्यांना बॅटरी लागली नाही. ॲपवर त्यांनी खरंच टाकलं, हे मला नंतर कळलं. ते ॲप इटलीतल्या सगळ्या सायकलवाल्यांकडे होतं. गावात दाजींकडे आणि सल्लागाराकडे होतं. आणि ताईला त्यांनी सांगितलं नाही, कारण बायकोला वेगळं सांगायचं असतं हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

उतरण्याच्या दिवशी सकाळी मी आणि वाइटनं घंटांत गवत कोंबलं. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. सुखरूप गेलेला उन्हाळा, गाई नुसत्या चकाकत होत्या, आणि मी त्यांना सुतकाचा वेश चढवत होते. ब्लेसनं मान हलवली, घंटेतनं खसखस आवाज आला, तशी ती माझ्याकडे वळून बघायला लागली. मी तिला म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस, मालकाला विचार."

वाइट पुढे, मग ब्लेस, मग एकामागून एक सगळ्या, आणि पार शेवटी मी, फावडं आणि हातगाडी घेऊन. एका रांगेत चालवल्यामुळे कळप इतका लांबला की नदीच्या वळणावर पुढचं टोक मला दिसेनासं झालं. आणि गाई डांबरावरनं चालल्या की त्यांना पोट मोकळं करायची का सुरसुरी येते देव जाणे. मी भरते आहे, ओतते आहे, भरते आहे. पुढे काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता.

पुढे काय चाललं होतं ते ऐका. गावाच्या टोकाला रोमेदचं घर आहे. चर्चची घंटा तोच वाजवतो. त्यानं खिडकीतनं पाहिलं, वाइट येतोय, टोपी डोळ्यांवर ओढून, तोंड शिवल्यासारखा. मागे ब्लेस, उघड्या डोक्याची, मुकी. सरपंचाच्या घरची गाय, आणि सरपंच सकाळपासून कुठे दिसला नव्हता. रोमेदनं टोपी काढली, मान खाली घातली, कळप पुढे गेल्यावर कोट चढवला आणि थेट चर्चमध्ये जाऊन दोर धरला.

घंटेचे टोले पडायला लागले. पुरुष गेला की जसे पडतात तसे, थांबून थांबून. मागे मी फावडं टेकवलं, छातीवर क्रुसाची खूण केली आणि मनात म्हटलं, अरेरे, कोण गेलं बिचारं. इतकी मी शहाणी.

सायकलवाले थांबायला लागले. आधी एक कुटुंब थांबलं, मग त्यांच्यामागचे, मग दोन्ही बाजूंनी लाल सायकलींची रांग. बाजूच्या शेतांतली माणसं वाटेकडे येऊन टोप्या काढून उभी राहत होती. ते पाहून सायकलवाल्यांनीही डोक्यावरची शिरस्त्राणं काढली. कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं. एक जाडजूड इटालियन बाई हुंदके देऊन रडत होती. तिच्या नवऱ्यानं मला काय झालंय म्हणून विचारलंही, तर मी म्हटलं, "कुणीतरी गेलंय. मलाही आत्ताच कळलंय."

खानावळीपाशी गोटलीब पुढे आला आणि त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. गोटलीब कधी कुणाचा हात धरत नाही, त्याला उधारी मागतील अशी भीती असते.

"बुर्गल, धीर धर," तो म्हणाला.

"धरते. पण गेलं कोण?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुःखानं हिचं डोकं फिरलंय. "तुझे दाजी," तो हळूच म्हणाला.

"कधी?"

"ते तू सांगायचंस. गाई तू आणल्यास."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि पुढच्या वळणानंतर तर ताईचं घर होतं. हातगाडी तिथेच टाकली आणि मी पळत सुटले. फावडं टाकायचं मात्र राहून गेलं. फावडं घेऊन पळणारी गुराखीण बघून बाजूची माणसं आणखीच मान खाली घालत होती. खड्डा खणायला चालली असं वाटलं असेल त्यांना.

ताई अंगणातल्या बाकावर बसली होती. मांडीवर मुकुट. ब्लेससाठी केलेला, या वर्षीचा, आरशाभोवती पिवळी फुलं. तिला वाटलं होतं गाई वाजत येतील, म्हणून ती तो हातात घेऊन दारात थांबली होती, स्वतः घालायचा म्हणून. ब्लेस तिच्यासमोर येऊन थांबली होती. ताईचा चेहरा पाहिला आणि मला दाजींचा असा राग आला की ते खरंच मेले असते तरी मी तो आवरला नसता.

"ताई, ते जिवंत आहेत," मी धापा टाकत म्हटलं. "घंटांत गवत त्यांनीच कोंबायला लावलं. सायकलवाल्यांना आवाज नको म्हणून."

ताईनं माझ्या हातावर हात ठेवला. "उगी," ती म्हणाली. "काहीतरी बोलू नकोस. सकाळी सायकलवर गेले. नदीत पडले का?"

"अगं, खरंच जिवंत आहेत."

"मी फोन करतेय तर बंद लागतोय," ताई म्हणाली.

शेजारणी दुखवट्याला नेतात तो सुक्या नासपतीचा पाव घेऊन आल्या होत्या. पुरुष कुंपणाला टेकून उभे होते. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलायची आपल्याकडे रीत आहे. सगळे शब्द शोधत होते. शोधणं लांबत चाललं. शेवटी रोमेद खाकरला आणि म्हणाला, "त्याचे दात फार चांगले होते." सगळ्यांनी माना डोलावल्या. गोटलीब म्हणाला, "आणि मेहनती होता. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं." त्यावर माना जरा सावकाश डोलल्या.

इतक्यात मागनं दाजी आले.

ते आणि सल्लागार हार्टविगसाहेब, आणि दुसऱ्या खोऱ्यांतले काही सरपंच, असे सगळे 'मौनाची फेरी' करायला निघाले होते. फोन बंद ठेवायचे, बोलायचं नाही, नुसती सायकल चालवायची. आमचं खोरं किती शांत आहे ते पाहुण्यांना दाखवायचं होतं. वाटभर त्यांना रांगेनं उभी असलेली, टोप्या काढलेली माणसं दिसली. दाजींना वाटलं, स्वागत आहे. ते दोन्ही बाजूंना मान लववत आले होते. अंगात तंग निळी चड्डी, डोक्यावर शिरस्त्राण, आणि चेहऱ्यावर हसू.

अंगणात कोणी हललं नाही. रोमेदनं छातीवर क्रुसाची खूण केली. एकीच्या हातातनं पाव पडला.

ताई उठली. मुकुट बाकावर ठेवला. दाजींपाशी गेली, त्यांच्या गालाला हात लावून पाहिला, कानाला लावून पाहिला. मग म्हणाली, "फोन का उचलला नाहीत?"

"मौनाची फेरी होती," दाजी म्हणाले. "काय झालंय इथे? कोण गेलं?"

"तुम्ही," मी म्हटलं.

मी त्यांना सगळं सांगितलं, गावासमोर, काही न वगळता. माणसं ऐकत होती आणि त्यांच्या टोप्या एकेक करून परत डोक्यावर जात होत्या. दाजी आधी पांढरे झाले, मग लाल. मग म्हणाले, "हे तू मुद्दाम केलंस. मला बदनाम करायला. आता बघ, किती तक्रारी येतात. ट्रकच तुझ्या नशिबात."

तेव्हा हार्टविगसाहेब पुढे आले. त्यांचे डोळे ओले होते. "तक्रार?" ते म्हणाले. "सरपंच, मी आयुष्यात असं काही पाहिलं नाही. मुक्या गाई, घंटेचे टोले, थांबलेली माणसं. लोक रडत होते. एकानं वाटेत मला विचारलं, पुढच्या वर्षी कोणत्या तारखेला आहे."

पाहुणे सरपंच मान हलवत होते, आणि दाजींचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेला. राग गेला आणि त्या जागी हिशेब आला.

"दरवर्षी करता येईल," ते म्हणाले. माझ्याकडे वळून, एकदम गोड आवाजात, "बुर्गल, वाट तुझी. कायमची. महामार्ग नाही, ट्रक नाही. फक्त हे असंच ठेवायचं. गवत, उघडी डोकी. आणि रोमेद, टोल्यांचे तुला काय ते पैसे देऊ."

"मग दरवर्षी कुणीतरी मरायला लागेल दाजी," मी म्हटलं. "पुढच्या वर्षीसाठी नाव द्या."

काही जण हसले. पण मी हसत नव्हते. खरं सांगते, मी हो म्हणणार होते. वाट कायमची मिळत होती. गाई जगणार होत्या, खोपटं उघडं राहणार होतं. त्यासाठी दरवर्षी एकदा खोटं सुतक पाळायचं, एवढंच. मी आल्माला आठवत होते, ट्रकांच्या भोंग्यांत काढलेले मुकुट आठवत होते, आणि मनाला समजावत होते की गवत तर गवत.

ताई ब्लेसपाशी गेली. खाली वाकून तिनं घंटेत बोटं घातली आणि गवत ओढायला लागली. मी घट्ट कोंबलं होतं, तिला वेळ लागला. सगळे बघत राहिले. शेवटचा बोळा निघाला तसा ब्लेसनं मानेला झटका दिला आणि घंटा वाजली. मागच्या गाईंनी माना वर केल्या. मग ताईनं बाकावरचा मुकुट उचलला आणि तिच्या शिंगांना बांधला.

"ऑटिली, पाहुणे आहेत," दाजी दबक्या आवाजात म्हणाले. "अटी ठरल्यात."

"आज दुपारी तुम्ही मेलात," ताई म्हणाली. तिनं गाठ करकचून आवळली. "मी इथे बसून कोणता कोट घालायचा तुम्हाला, त्याचा विचार केला. मेलेल्या माणसानं अटी घालायच्या नाहीत. जमीन माझ्या बापाची आहे. पुढच्या वर्षी गाई याच वाटेनं येतील, मुकुट घालून, वाजत. तुमच्या पाहुण्यांना आवाज सोसत नसेल तर त्यांच्या सायकली ट्रकात भरा आणि महामार्गानं न्या."

हार्टविगसाहेबांनी घाईघाईनं चष्मा पुसायला घेतला. वाइट कुंपणापाशी उभा होता. तो म्हणाला, "हं." आणि दुसऱ्या गाईपाशी बसून तिच्या घंटेतलं गवत काढायला लागला. मग गोटलीब वाकला, मग रोमेद, मग पाव घेऊन आलेल्या शेजारणी. त्या जाडजूड इटालियन बाईनंही कुठूनतरी येऊन एका घंटेत हात घातला आणि परत रडायला लागली. अंगणभर गवताचे बोळे पडले आणि एकेक घंटा वाजायला लागली. मला आल्माची घंटा त्यांत ऐकू येईना, म्हणून मीही जरा रडले.

दाजी सायकल धरून मधोमध उभे होते. त्यांच्या सायकलच्या दोन्ही चाकांना शेण लागलं होतं, कारण वळणानंतर मी भरायचं सोडून पळत सुटले होते. मी फावडं त्यांच्या हातात दिलं आणि हातगाडी कुठे आहे ते सांगितलं.